दुरुस्तीला मनाई

निर्बंध हा शब्द काढला की आपल्या इंजिनिअर मंडळींचा चेहरा जरा खुलतोच. कारण आपल्या डोक्यात निर्बंध म्हणजे 'परम'ची गोष्ट. अमेरिकेने क्रे कंपनीचा महासंगणक द्यायला आढेवेढे घेतले, मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि विजय भटकरांच्या टीमने १९९१ मध्ये 'परम ८०००' करून दाखवला. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर पुन्हा निर्बंध लागले, ते २००१ मध्ये बहुतांशी उठलेही. दर काही महिन्यांनी ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून येते आणि खाली कुणीतरी लिहितंच, "लावा अजून निर्बंध, आमचा फायदाच होतो!"

गोष्ट खरी आहे, अभिमान वाटावा अशीच आहे. पण त्यातले दोन तपशील आपण सोयीने गाळतो. एक म्हणजे 'परम ८०००' मधले प्रोसेसर पुण्यात बनलेले नव्हते, ते ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. म्हणजे एक दार बंद होतं, पण बाकीची उघडी होती. आणि दुसरा तपशील इतका साधा आहे की तो सांगावासाही वाटत नाही. तेव्हा आपली वीज चालू होती, नळाला पाणी येत होतं, पूल जागेवर होते. आपल्यावर कुणी बॉम्ब टाकलेले नव्हते.

आधी बॉम्ब आणि मग निर्बंध (किंवा दोन्ही एकदमच) असं जिथे झालं तिथे काय होतं, हे बघायचं असेल तर इराककडे बघावं लागतं. आपल्याकडे १९९० चं आखात म्हणजे एअर इंडियाने कुवेतमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना परत आणलं ती कामगिरी. त्यावर सिनेमाही आला. आपली माणसं घरी पोचली आणि आपल्यापुरती गोष्ट संपली. इराकी माणसांची मात्र तिथून सुरू झाली.

आधी तारखा मांडतो. २ ऑगस्ट १९९० ला सद्दाम हुसेनच्या सैन्याने कुवेत गिळलं. चारच दिवसांनी, ६ ऑगस्टला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ केला. इराकमध्ये काही जाणार नाही, इराकमधून काही येणार नाही. अपवाद औषधांचा, आणि 'मानवतावादी परिस्थितीत' अन्नाचा. १७ जानेवारी १९९१ ला बॉम्बहल्ले सुरू झाले, २८ फेब्रुवारीला थांबले. ४३ दिवसांत सुमारे ८८ हजार टन बॉम्ब पडले. टीव्हीवर जगाने पाहिले ते चिमणीतून आत शिरणारे 'स्मार्ट' बॉम्ब. प्रत्यक्षात वजनाच्या हिशोबात असे नेमके मारता येणारे बॉम्ब जेमतेम ७-८ टक्के होते. कुवेत मुक्त झालं. आणि निर्बंध? ते मे २००३ पर्यंत राहिले. जवळजवळ १३ वर्षं.

आता जरा आपल्या धंद्याच्या भाषेत बोलू. ज्यांनी रात्री दोन वाजता ऑन-कॉल फोन उचललाय त्यांना हे लगेच कळेल. एखादी सिस्टीम किती भरवशाची आहे हे दोन आकड्यांवर ठरतं. ती किती वेळाने बंद पडते, आणि बंद पडल्यावर दुरुस्त व्हायला किती वेळ लागतो. पहिल्या आकड्याची सगळे काळजी करतात. पण दुसरा आकडा वाढत वाढत अनंताकडे गेला, तर पहिला कितीही चांगला असला तरी उपयोग शून्य. एकदा बंद पडली की पडलीच.

बॉम्ब पहिल्या आकड्यावर मारा करतो, निर्बंध दुसऱ्यावर. दोन्ही एकत्र आले की काय होतं हे समजायला फार मोठं गणित लागत नाही.

१९९० चा इराक हा गरीब देश नव्हता. तेलाच्या पैशावर तिथे आधुनिक शहरं उभी राहिली होती. पण आधुनिक शहर म्हणजे डिपेंडन्सीजचं जाळं. विजेवर पंप चालतो, पंपावर जलशुद्धीकरण केंद्र. त्याला क्लोरीन लागतो, क्लोरीन सोडायचं यंत्र लागतं, त्या यंत्राचे सुटे भाग लागतात. पुढे विजेवरच मैलापाण्याचे पंप. ते थांबले की घाण पाणी नदीत, आणि नदीचंच पाणी पुन्हा प्यायला. खेड्यात विहीर असते, वीज गेली तरी पोहरा सोडता येतो. बगदादच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने पोहरा कुठे सोडायचा?

तर ४३ दिवसांत या जाळ्याच्या मुळावरच घाव बसला. काही ठिकाणी टोमाहॉक क्षेपणास्त्रांतून कार्बनचे बारीक तंतू सोडले गेले. ते तारांवर पडले की शॉर्टसर्किट. ते निदान साफ तरी करता येतं. पण वीज केंद्रांच्या जनरेटर असलेल्या इमारतींवरही बॉम्ब पडले. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचयार्ड तुलनेने लवकर उभे करता येतात, पण मोठा जनरेटर हा ऑर्डर देऊन परदेशातून बनवून आणायचा असतो. युद्ध संपलं तेव्हा इराकमधलं वीजउत्पादन युद्धाआधीच्या सुमारे ४ टक्क्यांवर आलं होतं. मार्च १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतर्फे मार्ती अहतिसारी (हेच पुढे फिनलंडचे राष्ट्राध्यक्ष झाले) बगदादला जाऊन आले. त्यांच्या अहवालाचा सारांश असा, की हा देश उद्योगपूर्व काळात ढकलला गेलाय, पण त्याच्या गरजा मात्र यंत्रयुगातल्याच आहेत. एका ओळीत यापेक्षा अचूक निदान मी वाचलेलं नाही.

इथपर्यंत कुणी म्हणेल, युद्ध आहे, युद्धात असं होतंच. ठीक आहे. मला खरं अस्वस्थ करतं ते यापुढचं.

अमेरिकी हवाई दलाचे कर्नल जॉन वॉर्डन हे या हवाई मोहिमेच्या आखणीतलं मोठं नाव. जून १९९१ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या बार्टन गेलमनने एक सविस्तर बातमी केली, त्यात वॉर्डन उघडपणे बोलले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : सद्दाम स्वतःच्या बळावर वीज परत आणू शकत नाही, त्याला बाहेरची मदत लागणार. मग त्याला सांगता येईल, अमुक अटी मान्य कर, म्हणजे आम्ही लोकांना येऊन वीज दुरुस्त करू देऊ. यातून दीर्घकाळ दबाव ठेवता येतो.

हे नीट वाचा. वीज केंद्र पाडण्याचा उद्देश फक्त युद्ध जिंकणं हा नव्हता. ते पाडलेलंच राहणं हेही कामाचं होतं. आणि ते तसं राहावं यासाठी दुसऱ्या बॉम्बची गरज नव्हती, परवानगी नाकारली की झालं.

दुसरा कागद त्याहून थंड डोक्याने लिहिलेला आहे. अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेचं २२ जानेवारी १९९१ चं एक टिपण नंतर खुलं झालं. विषय : इराकच्या जलशुद्धीकरणातले कच्चे दुवे. त्यात स्वच्छ लिहिलंय की इराकला पाणी शुद्ध करायला लागणारी खास यंत्रं आणि काही रसायनं आयात करावी लागतात, निर्बंधांमुळे ती मिळणार नाहीत, मग शुद्ध पाण्याची टंचाई होईल, आजार वाढतील, कदाचित साथी येतील. व्यवस्था पूर्ण ढासळायला निदान सहा महिने लागतील, असा अंदाजही दिलाय. आता हे टिपण म्हणजे आदेश नव्हता, अंदाज होता, हे कबूल. पण आपल्याकडे एखाद्याने 'हा सर्व्हर सहा महिन्यांत बसणार' असं लेखी कळवलं आणि तरी कुणी हललं नाही, तर नंतर 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणता येत नाही.

त्या वर्षी इराकमध्ये कॉलरा आणि टायफॉईड दोन्ही पसरले.

इराकी इंजिनिअर हातावर हात ठेवून बसले होते असं मात्र नाही. ही बाजू आपण लोकांनी तरी मुद्दाम समजून घ्यावी. एका बंद केंद्राचे भाग काढून दुसऱ्यात बसवत, हाती येईल ते जोडत त्यांनी वर्षभरात बरीचशी वीज परत आणली. बगदादचा जम्हूरिया पूल आणि १४ जुलैचा झुलता पूल पुन्हा उभे केले. आपल्या भाषेत, जुगाड. पण जुगाडाचा हिशोब कुणीतरी नंतर चुकवतोच. चारांतली दोन यंत्रं मोडून उरलेली दोन चालवली, की पुढच्या वेळी मोडायला काही उरत नाही. पंप फिरतो, पण क्षमतेच्या निम्म्याने. क्लोरीन असतो तेव्हा सोडणारं यंत्र नसतं, यंत्र आलं की वीज नसते. 'परम'ची गोष्ट इराकमध्ये का घडली नाही, याचं उत्तर हे आहे. बुद्धी कमी नव्हती, सगळी बुद्धी कालचं आज चालू ठेवण्यात खर्च होत होती.

आणि परवानग्यांचं काय? ठराव ६६१ ची एक समिती होती, परिषदेच्या १५ सदस्य देशांची, बैठका बंद दाराआड. निर्णय एकमताने, म्हणजे एकाने हात वर केला की फाइल अडली. १९९६ च्या अखेरीस 'तेलाच्या बदल्यात अन्न' ही योजना सुरू झाली, पण त्यातही प्रत्येक करार या चाळणीतून जायचा. कारण एकच, 'दुहेरी वापर'. क्लोरीनपासून रासायनिक अस्त्र होऊ शकतं. पंप, पाइप, संगणक, सगळ्याचाच काहीतरी लष्करी उपयोग निघतो. जॉय गॉर्डन या अभ्यासिकेने या समितीचे कागद वर्षानुवर्षं चाळून पुस्तक लिहिलं. तिने नोंदवलेलं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. इराकमध्ये दुष्काळ होता, पाण्याचे टँकर मागवले होते, आणि अमेरिकेने ते अडवले. रसायनं वाहायला वापरतील म्हणून. संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रतपासनिसांची त्या टँकरना हरकत नव्हती, तरीही. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

२००२ च्या मध्याला असे अडकून पडलेले करार पाच अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे होते. ही योजना राबवायला बगदादला नेमलेले संयुक्त राष्ट्रांचेच अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन श्पोनेक यांनी २००० मध्ये.

आता दुसरी बाजू. ती न मांडता लिहिलं तर हा लेख म्हणजे नुसतं फॉरवर्ड होईल.

पहिला आक्षेप : सगळं सद्दामचं पाप. यात बरंच तथ्य आहे. हलब्जात स्वतःच्याच कुर्द नागरिकांवर विषारी वायू सोडणारा हा माणूस. १९९१ मध्येच मर्यादित तेल विकून अन्न घ्यायचा प्रस्ताव आला होता, तो त्याने फेटाळला. १९९५ चा प्रस्तावही वर्षभर लटकवला. लोक रांगेत उभे असताना राजवाडे बांधले. पुढे योजनेतही कमिशन खाल्लं. २००५ च्या व्होल्कर अहवालात दोन हजारांहून अधिक कंपन्यांची नावं आली, आणि त्याच वादात आपल्याकडे नटवर सिंग यांना मंत्रिपद सोडावं लागलं. पण सद्दाम असा आहे हे तर आधीपासून माहीत होतं ना? जो हुकूमशहा स्वतःच्या लोकांची पर्वा करत नाही, त्याच्यावर त्याच लोकांचे हाल करून दबाव येईल, हे लॉजिक मला कधीच कळलेलं नाही.

दुसरा आक्षेप आकड्यांचा, आणि तो बरोबर आहे. 'निर्बंधांनी पाच लाख मुलं मेली' हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. १९९६ मध्ये टीव्हीवर मॅडेलिन ऑलब्राइट यांना याच आकड्याबद्दल विचारलं गेलं, तेव्हा ही किंमत मोजण्यासारखी आहे असं त्यांनी उत्तर दिलं. त्या उत्तराचा पश्चात्ताप त्यांनी नंतर आत्मचरित्रात नोंदवला. पण तो आकडा टिकत नाही. १९९९ च्या युनिसेफच्या सर्वेक्षणात बालमृत्यू दुपटीहून जास्त वाढलेले दिसले होते. २००३ नंतरच्या सर्वेक्षणांत तशी उडी कुठेच दिसली नाही. २०१७ मध्ये बीएमजे ग्लोबल हेल्थमध्ये छापून आलेल्या लेखात तर सद्दामच्या राजवटीने आकडे फिरवल्याचं स्पष्ट म्हटलंय. तेव्हा निर्बंधांच्या विरोधकांनी पाच लाखांचा आकडा सोडून द्यावा. मुद्दा त्याच्यावाचून अडत नाही. मुद्दाम गढूळ ठेवलेलं पाणी प्यायला लागणं चूक आहे, हे सिद्ध करायला लाखांत प्रेतं मोजावी लागतात का?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : मग करायचं काय? युद्ध नको, निर्बंध नकोत, मग हातात राहतं काय? मी सरसकट निर्बंधांच्या विरोधात नाही. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत, तोही १९४६ साली, स्वातंत्र्याआधी. आणि ते योग्यच होतं. पण फरक बघा. दक्षिण आफ्रिकेची वीज केंद्रं कुणी पाडली नव्हती. तिथे निर्बंधांनी नवी गुंतवणूक अडली, शस्त्रं अडली, क्रिकेटचे दौरे अडले. चालू पंप बंद पडला नाही. चालत्या देशाचा वेग रोखणं आणि मोडून पडलेल्या देशाला प्लास्टर न मिळू देणं, या दोन्हींना आपण 'निर्बंध' हा एकच शब्द वापरतो, तिथे सगळा घोळ होतो. दुसरा प्रकार हा युद्धाला पर्याय नाही. ते युद्धच आहे, फक्त आवाज बंद केलेलं.

हे सगळं होऊन इतकी वर्षं झाली, आता कशाला उकरायचं? कारण ते संपलेलं नाही. कुवेतवरच्या आक्रमणाबद्दल द्यायची ५२.४ अब्ज डॉलरची भरपाई इराकने २०२२ मध्ये पूर्ण फेडली. म्हणजे आक्रमणानंतर जन्मलेली मुलं स्वतः आईबाप होईपर्यंत हप्ते चालू होते. दक्षिण इराकमध्ये १९९१ चे न फुटलेले क्लस्टर बॉम्ब अजून जमिनीत आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात बसरामध्ये नळाच्या पाण्याने लाखाहून जास्त लोक दवाखान्यात पोचले. याचा सगळा दोष १९९१ वर टाकणं अप्रामाणिक होईल. मध्ये २००३ चं आक्रमण, लूटमार, यादवी, इसिस आणि भ्रष्टाचार एवढं सगळं झालं. पण २००३ मध्ये अमेरिकी अधिकारी बगदादला पोचले तेव्हा तिथल्या यंत्रणेची अवस्था बघून त्यांनाच धक्का बसला होता. ज्या पायावर पुढचं सगळं उभं राहायचं होतं, तो १३ वर्षं ओलावा धरून बसला होता.

बगदादमध्ये आजही सरकारी वीज दिवसभर पुरत नाही. गल्लीगल्लीत खाजगी जनरेटरवाला असतो, त्याला अँपिअरच्या हिशोबाने महिन्याचे पैसे द्यायचे. तूट भरून काढायला इराक शेजारच्या इराणकडून वीज आणि गॅस घेत आला. आणि इराणवर अमेरिकेचे निर्बंध. म्हणून इराकला दर काही महिन्यांनी अमेरिकेकडून सवलत घ्यावी लागायची. विजेपुरती ती सवलत मार्च २०२५ मध्ये बंद झाली. बल्ब लावायला दुसऱ्या देशाची परवानगी मागायची सवय या देशाला आता तीन दशकांहून जुनी आहे.

काही सुधारलं का? थोडं. इराकच्या अनुभवानंतर संपूर्ण देशाऐवजी नेते, कंपन्या, खाती यांच्यावर नेमके निर्बंध लावायची पद्धत आली. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २६६४ केला. मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून मदतकार्याला कायमची सूट. १४ मतं बाजूने आणि एक देश तटस्थ. तो एक देश म्हणजे भारत. आपलं म्हणणं होतं की दहशतवादी संघटना या सुटीचा गैरफायदा घेतील. आपले शेजारी बघता ही भीती पोकळ नाही. तरी मला वाटतं, त्यावर उपाय कडक हिशोबाचा असायला हवा होता, हात आखडण्याचा नको होता.

माझं मागणं फार मोठं नाही. निर्बंधांची बातमी आली की आपण विचारतो, ते लागू पडतील का, आपल्याला तेल स्वस्त मिळेल का. त्यात अजून एक प्रश्न घाला : तिथे आधी काय मोडलेलं आहे, आणि ते दुरुस्त करायची मुभा आहे का? पाणी, मैलापाणी, वीज आणि दवाखाने यांचे सुटे भाग यादीतून बाहेर ठेवा. माल कुठे जातो यावर हवे तेवढे तपासनीस नेमा, प्रत्येक पंपावर नंबर टाका. हे अवघड आहे, पण अशक्य नाही. आपण लोक याहून किचकट ट्रॅकिंग पिझ्झा पोचवण्यासाठी करतो.

आणि पुढच्या वेळी 'परम'चा तो मेसेज आला तर जरूर फॉरवर्ड करा. फक्त तो आपल्या वाट्याला आला तेव्हा नळाला पाणी येत होतं, हेही खाली एका ओळीत लिहा.